आई, ती बंदूक रिकामी होती

हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर चालू आहे. आई, फोटोत माझ्याशेजारी बंदूकवाला बघून तुझी झोप उडाली, असं सुमी म्हणाली. अगं, त्या बंदुकीत गोळी नसते, नुसती दारू. आवाज आणि धूर, बाकी काही नाही.

इथले लोक जुनी लढाई हौसेनं पुन्हा लढतात. 1861 ते 1865 इथे गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिण यादवी झाली. तिचं पारडं फिरलं ते इथून पाऊण तासावरच्या गेटिसबर्गला, जुलै 1863 मध्ये. खरी रणभूमी सरकारी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे लुटुपुटूची लढाई करू देत नाहीत. म्हणून जवळच्या शेतात, तिकीट लावून! भर उन्हात लोकरीचे कोट, बटणंसुद्धा त्या काळासारखी. मरायचं कधी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ऊन फार झालं की बरोबर झाडाखाली पोचल्यावर गोळी लागते. एका पोट सुटलेल्या काकांनी आधी टोपी नीट बाजूला ठेवली, मग कोसळले.

हरलेल्या दक्षिणेच्या बाजूनं उभं राहायलाही माणसं कमी पडत नाहीत, हे मात्र मला कळत नाही. 3 जुलैला त्यांच्या जनरल लीनं साडेबारा हजारांच्या आसपास माणसं उघड्या रानातून चढाईला धाडली. जवळजवळ निम्मी मेली, जखमी झाली नाहीतर पकडली गेली. दुसऱ्याच दिवशी मिसिसिपीकाठचं व्हिक्सबर्ग उत्तरेच्या जनरल ग्रँटच्या हाती आलं. तरी तो करडा गणवेश आवडीनं शिवून घ्यायचा? एकाला विचारलं, तर म्हणे आमचे खापरपणजोबा त्यात होते. मला पटलं नाही. पण बंदूक त्याच्या हातात होती! (आई, गंमत केली.)

बाबा, तिथल्या दफनभूमीतही जाऊन आलो. 19 नोव्हेंबर 1863 ला लिंकन बोलले, ती जागा. आधी तेव्हाचे नामांकित वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले, आपल्या स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्यांसारखे; मग लिंकन जेमतेम दोन-तीन मिनिटं. लोकांच्या लक्षात कोण राहिलं, ते तुम्ही वर्गात शिकवलंच आहे. जोतिरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' या देशातल्या सज्जनांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल, हे मी ऑफिसातल्या एकीला सांगितलं. तिला पत्ताच नव्हता. तुम्ही असता तर तिला तासभर सोडलं नसतं.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात सुमीच्या लग्नाला येणं जमेलसं दिसत नाही. व्हिसाचा शिक्का तिकडे येऊनच घ्यावा लागतो आणि तारीख मिळत नाहीये. अडकलो तर नोकरी हातची जाईल. रजा मिळते, तेव्हा उगाच साहेबाला नावं ठेवू नका. कार्यालयाचे उरलेले पैसे याच महिन्यात पाठवतो, पाटल्यांचे वेगळे. नको म्हणू नका, तेवढं तरी करू द्या. कानपिळीला मामाच्या पप्पूला उभं करा आणि जावईबापूंचा कान जपून पिळ म्हणावं. सुमीला मीच फोन करून सांगेन, तुम्ही आधी बोलू नका.

आणि ते सांगलीचं स्थळ. मुलगा तिकडेच कायमचा राहणार का, असं त्यांनी विचारलंय म्हणे. परस्पर उत्तर देऊन टाकू नका. माझंच अजून ठरत नाहीये.

कळावे,
तुमचा,
संदीप