प्रशिक्षक नेमला, आता त्याला मुदत आणि अधिकारही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुटबॉल हंगामाच्या तोंडावर आमच्या पेठेतील संघाने कोल्हापूरबाहेरचा प्रशिक्षक नेमला आणि त्या दिवसापासून चौकात, तालमीच्या कट्ट्यावर आणि चहाच्या गाड्यावर दुसरा विषय उरलेला नाही. त्या गृहस्थांनी अद्याप मुलांचा एकही सराव घेतलेला नाही. तरीही ‘हा कोण, याने काय जिंकलंय, आमच्या पेठेत कोणी मिळालं नाही का’ असे प्रश्न मोठ्या आवाजात विचारले जात आहेत आणि काही तरुण समर्थकांनी यंदा वर्गणी न देण्याची भाषा सुरू केली आहे. मी लहानपणापासून याच संघाचा समर्थक आहे. महाविद्यालयात असताना मी बास्केटबॉल खेळलो आणि तेव्हापासून अमेरिकेतील विद्यापीठांच्या बास्केटबॉलचीही आवडीने माहिती ठेवतो. तेथे नव्या प्रशिक्षकाची नेमणूक झाली की समर्थकांमध्ये असाच गदारोळ उठतो. त्या अनुभवातून आपल्याला काही घेता येईल असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

समर्थकांच्या रागाला आधार आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. कोल्हापूरचे संघ कोणा उद्योगसमूहाच्या मालकीचे नाहीत. ते तालमींचे आणि तरुण मंडळांचे आहेत. पेठेतल्या दुकानदाराच्या, रिक्षाचालकाच्या, नोकरदाराच्या पैशावर ते उभे राहतात आणि राजर्षी शाहू स्टेडियमची गॅलरी हीच माणसे भरतात. ज्याने पदरचे पैसे घातले आहेत त्याला प्रश्न विचारण्याचा हक्क आहेच. माझे म्हणणे इतकेच आहे, की आपण चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारत आहोत. प्रशिक्षकाला त्याचे गाव विचारण्याऐवजी, त्याला किती हंगामांसाठी नेमले आहे आणि अकरा खेळाडू निवडण्याचा अंतिम अधिकार कोणाचा आहे, हे आपण मंडळाच्या कारभाऱ्यांना विचारायला हवे.

बाहेरचा माणूस हा आक्षेप तर कोल्हापूरने घेऊच नये. मोतीबाग तालमीत ज्यांनी पिढ्या घडवल्या ते हिंदकेसरी गणपतराव आंदळकर मूळचे शिराळा तालुक्यातील पुनवतचे; आज त्यांना कोल्हापूरचे नाहीत असे म्हणण्याचे धाडस कोण करील? राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीवर वाढलेल्या या मल्लाला मॅटवरच्या कुस्तीचे धडे रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने दिले. तेथे खाशाबा सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. फुटबॉलमध्येही 2017 साली भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारतीय संघातून खेळला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मातोस होते. आपल्या मुलांना बाहेरच्या माणसाने शिकवल्याने आपले काही कमी झाल्याचे मला तरी आठवत नाही.

आता अमेरिकेकडे वळतो. केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ म्हणजे त्या राज्याचा जीव की प्राण आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये त्यांचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी आर्कान्सा विद्यापीठाकडे गेले. एखादा गाजलेला, विजेता प्रशिक्षक येईल अशी समर्थकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात नेमणूक झाली ती ब्रिगहॅम यंग विद्यापीठातून आलेल्या मार्क पोप यांची. प्रशिक्षक म्हणून त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेच्या मुख्य फेरीतील एकही सामना तोवर जिंकला नव्हता. बातमी फुटताच समर्थकांनी संताप व्यक्त केला. परंतु पोप हे केंटकीच्या 1996 च्या विजेत्या संघाचे कर्णधार होते, आणि नेमणुकीनंतर दोनच दिवसांनी त्यांच्या स्वागताचा कार्यक्रम ठेवला गेला तेव्हा 20 हजारांहून अधिक क्षमतेचे रप अरीना लोकांनी भरून टाकले. पहिला राग आणि नंतरचा जल्लोष या दोन्हींचा त्यांच्या प्रशिक्षणाशी काहीच संबंध नव्हता, कारण त्या वेळी शिकवण्यासाठी त्यांच्याकडे जवळजवळ संघच नव्हता. जुने खेळाडू निघून गेले होते आणि पोप यांना दुसऱ्या विद्यापीठांतून खेळाडू गोळा करून नवी मोट बांधावी लागली. तो संघ पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या 16 संघांत पोचला. आपल्याकडेही नोंदणीच्या दिवसांत निम्मा संघ इकडचा तिकडे होतो, हे ध्यानात घेतले तर ही गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही.

याहून मोठे उदाहरण ड्यूक विद्यापीठाचे आहे आणि ते मला सविस्तर सांगितलेच पाहिजे. 1980 साली ड्यूकने माइक शशेफ्स्की या 33 वर्षांच्या तरुणाला प्रशिक्षक नेमले. तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून आला होता आणि तेथील शेवटच्या हंगामात त्याच्या संघाने 9 सामने जिंकून 17 गमावले होते. लोकांना त्याचे आडनाव धड उच्चारता येत नव्हते. ड्यूकमधील पहिल्या हंगामात 17 विजय आणि 13 पराभव झाले. दुसऱ्यात 10 विजय व 17 पराभव, तिसऱ्यात 11 विजय व पुन्हा 17 पराभव. त्या तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस व्हर्जिनियाकडून 109 विरुद्ध 66 अशी दाणादाण उडाली. त्याला काढा, अशी मागणी विद्यापीठाला देणग्या देणारे बडे समर्थक उघडपणे करत होते. क्रीडा विभागाचे प्रमुख टॉम बटर्स यांनी मात्र 1984 मध्ये त्याच्याशी नवा, आणखी लांब मुदतीचा करार केला. पुढे 1986 मध्ये ड्यूकचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, 1991 मध्ये पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले आणि 2022 मध्ये निवृत्त होईपर्यंत शशेफ्स्की यांच्या नावावर पाच विजेतेपदे जमा झाली. शिवाय 2008, 2012 आणि 2016 या तीन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सुवर्णविजेत्या संघाचे ते प्रशिक्षक होते. ड्यूकचे शेजारी आणि कट्टर प्रतिस्पर्धी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ. तेथील डीन स्मिथ यांचा तर 1965 मध्ये एका पराभवानंतर विद्यार्थ्यांनी पुतळा करून फासावर लटकवला होता. त्याच स्मिथ यांनी पुढे दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. पुतळा लटकवला त्या वर्षी त्यांना घरी पाठवले असते तर त्या विद्यापीठाचा इतिहास वेगळा झाला असता.

प्रत्येक नेमणूक अशी फळाला येते असे मी म्हणत नाही. केंटकीनेच 2007 मध्ये बिली गिलिस्पी यांना आणले आणि दोन हंगामांत काढूनही टाकले. दुसऱ्या वर्षी संघ राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्रसुद्धा ठरला नव्हता, आणि 1991 नंतर तसे प्रथमच घडले होते. तेथे समर्थकांची नाराजी चुकीची होती असे कोणी म्हणू शकणार नाही. पण त्या प्रकरणात आपल्या मंडळांनी नीट पाहावी अशी बाब वेगळीच आहे. गिलिस्पी यांच्याशी विद्यापीठाचा सविस्तर करार कधी झालाच नव्हता. सगळा कारभार एका प्राथमिक सामंजस्य पत्रावर चालला होता. परिणामी प्रकरण न्यायालयात गेले आणि तडजोड करताना विद्यापीठाला जवळपास 30 लाख डॉलर मोजावे लागले. एवढ्या श्रीमंत विद्यापीठात असे घडते, तर आपल्याकडे शब्दावर ठरलेल्या व्यवहारात काय होत असेल याची कल्पना करावी. हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक निघून जातो किंवा त्याला जायला सांगितले जाते, आणि काय ठरले होते हे दोन्ही बाजूंना दाखवता येत नाही.

बास्केटबॉल आणि फुटबॉल यांची तुलना कशी करता, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच खेळाडू असतात, बदली खेळाडूंवर संख्येची मर्यादा नसते आणि प्रशिक्षक टाइमआउट घेऊन सामना थांबवू शकतो; म्हणजे सामना चालू असतानाही त्याचा हात खेळावर असतो. फुटबॉलमध्ये शिटी वाजली की मध्यंतरापर्यंत प्रशिक्षकाच्या हाती फारसे काही राहत नाही. म्हणूनच फुटबॉलमध्ये त्याचे खरे काम सरावात होते, आणि सरावाचे फळ दिसायला अधिक काळ लागतो. अमेरिकेतील पैसा आपल्याकडे नाही हेही खरे आहे. परंतु प्रशिक्षकाला दोन हंगाम देण्यासाठी आणि त्याच्या निवडीत हस्तक्षेप न करण्यासाठी जादा पैसा लागत नाही.

आपल्याकडचे खेळाडू सकाळी सराव करून नोकरीला, कारखान्यात किंवा कॉलेजला जातात. लीगनंतर चषक स्पर्धांची रांग लागते आणि ऐन उन्हाळ्यात थोड्याच दिवसांच्या अंतराने बाद फेरीचे सामने खेळावे लागतात. अशा वेळी कोणाला विश्रांती द्यायची, दुखऱ्या गुडघ्याच्या मुलाला उतरवायचे की नाही, टायब्रेकरची तयारी कधी करून घ्यायची, हे ठरवण्यासाठी शास्त्र शिकलेला माणूस लागतो. नव्या प्रशिक्षकाच्या परवान्याला आमच्या कट्ट्यावर ‘कागद’ म्हटले जाते, याचे मला वाईट वाटते. परवाना विजयाची हमी देत नाही, हे मान्य. परंतु मुलांच्या शरीरावर ताण किती द्यावा आणि दुखापत झाली तर काय करू नये, हे त्या अभ्यासक्रमात शिकवले जाते, आणि चुकीच्या सरावाने खेळ सोडावा लागलेली गुणी पोरे आपल्या प्रत्येक पेठेत आहेत.

सर्वांत कठीण भाग निवडीचा आहे. कोणाच्या पुतण्याला खेळवायचे, कोणत्या जुन्या खेळाडूला मान द्यायचा, गॅलरीतून ज्याच्या नावाचा गजर होतो त्याला बाहेर बसवायचे धाडस करायचे का, हे प्रश्न सामन्याच्या दिवशी प्रशिक्षकाच्या कानात चारही बाजूंनी सांगितले जातात. प्रशिक्षकाने स्वतः न निवडलेल्या संघाच्या पराभवाची जबाबदारी त्याच्यावर टाकणे हा अन्याय आहे, आणि तो अन्याय करण्यात कारभाऱ्यांइतकेच आपण समर्थकही सहभागी असतो. निवडीचा पूर्ण अधिकार एकदा त्याला दिला की मग त्याचा हिशेबही कठोरपणे मागता येतो, आणि तो मी स्वतः मागेन.

म्हणून आमच्या मंडळाच्या कारभाऱ्यांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे, की लीगचा पहिला सामना होण्यापूर्वी त्यांनी पेठेत वर्गणीदारांची बैठक बोलवावी आणि नव्या प्रशिक्षकांना तेथे सर्वांसमोर बसवावे. त्यांच्याशी किमान दोन हंगामांचा लेखी करार झाला आहे का, अंतिम अकरा कोण ठरवणार, आणि पेठेतील 14-15 वर्षांच्या मुलांसाठी ते आठवड्यातून किती वेळ देणार, या गोष्टी त्या बैठकीत जाहीर कराव्यात. समर्थक मित्रांना माझे सांगणे असे, की त्या बैठकीला जरूर यावे, हवे तितके प्रश्न तेथे विचारावेत आणि यंदाची वर्गणी अडवू नये. मी माझी वर्गणी या आठवड्यात जमा करत आहे.

आपला विश्वासू,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर