विनामूल्य कामाविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. दिवसभर नोकरीत कोड लिहून घरी आल्यावर रात्री पुन्हा एका प्रकल्पासाठी विनामूल्य राबण्यात मला काय मिळते, हा तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. प्रश्न रास्त आहे आणि त्यामागे माझ्या प्रकृतीची काळजी आहे, हेही मला कळते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी रोज वापरतो तो टेक्स्ट एडिटर ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचू आणि सुधारू शकतो असा, आहे, हे तुला ठाऊक आहेच. तीन वर्षांपूर्वी त्यातला एक दोष माझ्या नजरेस आला. ‘दुसऱ्या’ हा शब्द समोर पडद्यावर दिसत असतानाही शोध घेतल्यावर तो सापडत नसे. दोन रात्री खटपट केल्यावर कारण हाती लागले. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, ‘ऱ’ हे अक्षर दोन प्रकारे साठवता येते : एकतर त्याच्या स्वतंत्र संकेतांकाने, नाहीतर साधा ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालच्या टिंबाचे चिन्ह) अशा जोडीने. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे असतात. फाइलमध्ये एक प्रकार होता आणि माझ्या कीबोर्डवरून दुसरा उमटत होता. मी सहा ओळी लिहिल्या, जोडी दिसली की तिचे एक अक्षर करून टाकावे अशी व्यवस्था केली आणि मोठ्या उमेदीने तो पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, प्रकल्पाकडे पाठवला.

तीन आठवड्यांनी प्रकल्प सांभाळणाऱ्या मेन्टेनरचे उत्तर आले, ते माझ्या पॅचच्या कितीतरी पट लांब होते. दोषाचे मूळ शोधल्याबद्दल त्यांनी आधी आभार मानले आणि मग एकेक प्रश्न विचारला. ही अडचण एकाच अक्षराची आहे का? फ्रेंचमधली आघातचिन्हाची अक्षरे आणि कोरियन लिपीतली जोडअक्षरेही अशीच दोन प्रकारे साठवता येतात, मग प्रत्येक लिपीसाठी वेगळ्या सहा ओळी लिहायच्या का? युनिकोडनेच यासाठी नॉर्मलायझेशनची, म्हणजे असे प्रकार एकाच रूपात आणण्याची, रीत ठरवून दिलेली असताना ती का वापरू नये? शोधण्यापूर्वी मजकुराचे रूप बदलले, तर दोन संकेतांकांच्या जागी एक येऊन पुढची सगळी अंतरे सरकतील. मग सापडलेला शब्द मूळ फाइलमध्ये नेमका कोठे आहे, हे कसे सांगणार? आणि शेवटी, या बदलाची टेस्ट, म्हणजे तो बरोबर चालतो हे तपासणारा कोड, कोठे आहे?

त्या रात्री मी चिडलो, हे तुझ्यापासून लपवत नाही. सकाळी तेच उत्तर पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले की एका अनोळखी माणसाने माझ्या सहा ओळींवर आपला किमान तासभर खर्च केला होता, आणि त्यासाठी त्यालाही कोणी पैसे देत नव्हते. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा कोड एवढ्या बारकाईने कोणी वाचला नव्हता. तिथे दिलेली तारीख गाठली की काम संपले असे मानले जाते. मी नॉर्मलायझेशनचे नियम मुळापासून वाचले, जुन्या आणि नव्या स्थानांची जुळणी ठेवणारी सारणी बांधली, मराठी, फ्रेंच आणि कोरियन अशा तिन्ही मजकुरांवर टेस्ट लिहिल्या. दोन महिन्यांत चार वेळा परत आलेला तो पॅच पाचव्या खेपेस मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये सामावला गेला. अंतिम रूपात माझ्या मूळ सहा ओळींपैकी एकही उरली नव्हती, आणि मला त्याचे अजिबात वाईट वाटले नाही.

दुसरी गोष्ट मी शिकलो ती जुन्या नोंदी वाचण्याची. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, कामासाठी गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन लिहिले, ते आपण दोघेही वापरतो. पण मी त्याकडे केवळ कोड साठवण्याची जागा म्हणून पाहत होतो. एकदा फाइल जतन करण्याच्या भागात मला एक निरर्थक वाटणारी ओळ दिसली आणि मी ती पुसायला निघालो. सहज तिचा इतिहास काढून पाहिला, तर कित्येक वर्षांपूर्वीच्या कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, कोणीतरी तीन परिच्छेद लिहून ठेवले होते : नेटवर्कवरच्या डिस्कवर लिहिताना मध्येच जोडणी तुटली तर मूळ फाइल रिकामी होते, म्हणून ही ओळ आहे. लिहिणारा केव्हाच प्रकल्प सोडून गेला होता, तरी त्याने माझा हात वेळीच धरला. तोवर माझे कमिट संदेश ‘दुरुस्ती केली’ एवढेच असत. आता बदल का केला हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, आणि नोकरीतले सहकारीही तसे लिहू लागले आहेत.

गेल्या वर्षापासून इतरांचे पॅच तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. हे काम लिहिण्याहून अवघड वाटते, कारण समोरच्याचा उत्साह न मोडता चूक दाखवावी लागते. ते किती मोलाचे आहे, हे मार्च २०२४ मध्ये एक्सझेडच्या प्रकरणाने सर्वांनाच दाखवले. असंख्य लिनक्स यंत्रणांत वापरले जाणारे ते फाइल संक्षेपित करण्याचे साधन जवळपास एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकला होता, आणि सुमारे दोन वर्षे मदत करून विश्वास मिळवलेल्या कोणीतरी त्यात चोरवाट घुसवली. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, त्यांनी तो धागा सोडला नाही, म्हणून ती चोरवाट उघडकीस आली. तो थकलेला माणूस माझ्या मनातून जात नाही. त्याच्यासोबत पॅच वाचणारे आणखी दोघे-तिघे असते तर, असे वारंवार वाटते.

तुझी काळजी मात्र अगदीच अनाठायी नाही. मध्यंतरी रोज मध्यरात्रीपर्यंत बसत होतो आणि त्यात काही लोकांच्या हुकूम सोडल्यासारख्या तक्रारींनी मनस्ताप व्हायचा. आता आठवड्यातल्या दोनच संध्याकाळी या कामाला देतो.

कोठून सुरुवात करावी, असे तू पत्राच्या शेवटी विचारले आहेस, याचा मला फार आनंद झाला. रोज वापरतोस असेच काहीतरी निवड. नोकरीच्या करारात बाहेरच्या कोडविषयी काय अट आहे, ते आधी पाहून घे. मग कोऱ्या यंत्रावर केवळ लिखित सूचनांच्या आधारे प्रकल्प बिल्ड करून, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करून, बघ. जिथे अडशील, तिथली सूचना सुधारणे हेच तुझे पहिले योगदान ठरेल. आमच्याच एडिटरमध्ये छपाईच्या वेळी शेवटच्या पानाचा क्रमांक चुकतो, असा एक बग तीन महिने तसाच पडून आहे. तो मी मुद्दामच हाती न घेता ठेवला आहे. शनिवारी संध्याकाळी मी मोकळा आहे; तोवर बिल्ड करून ठेव, आणि अडलास तर पडद्यावर जो त्रुटीसंदेश येईल तो जसाच्या तसा मला पाठव.

तुझा मित्र