मेघाच्या न जेवण्याबद्दल

प्रिय सुमे,

परवा तू म्हणालीस ना, घरात कशाला काही कमी नाही मग पोरीचा हा हट्ट कशाला, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. अगं हट्ट नाहीये तो, आजार आहे, अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणंच तोडणं. सुरुवात डाएटनेच झाली असेल, पण आता तिचा मेंदूच उपाशी आहे.

तू सांगितलंस ना, सगळ्यांना पुरणपोळ्या करून घालते, रात्री दोनपर्यंत रेसिपीचे व्हिडिओ बघते आणि स्वतः अर्ध्या पोळीचे नखाएवढे तुकडे करून तासभर चिवडत बसते. १९४४-४५ ला अमेरिकेत मिनेसोटा युनिव्हर्सिटीत अॅन्सेल कीज नावाच्या संशोधकाने ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, ते पण असेच वागायला लागले. रेसिपीची पुस्तकं जमवायची, ताट चाटूनपुसून साफ करायचं, एक जेवण दोन-दोन तास पुरवायचं, वर चिडचिड, उदासी, कुणाशी बोलणं नको. आणि त्यांना काही बारीक व्हायचं नव्हतं गं!

आता तिची भीती. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, मन:स्थितीशी संबंध असलेलं. ते ज्याच्यापासून बनतं ते ट्रिप्टोफॅन शरीर स्वतः बनवत नाही, ते जेवणातूनच येतं. वॉल्टर के नावाच्या संशोधकाचं म्हणणं असं की जी माणसं मुळातच काळजीखोर, सगळं परफेक्ट हवं अशी असतात त्यांना न खाल्ल्यावर सेरोटोनिन घटून जरा शांत वाटतं आणि चार घास पोटात गेले की परत जीव घाबरा होतो. हे अजून पक्कं सिद्ध नाही, पण दहावीला वहीतलं पान फाडून फाडून परत लिहिणारी मेघा आठवली की मला तरी पटतं. म्हणून ताटावर ओरडू नका, शपथा घालू नका, तिला त्या वेळी खरंच भीती वाटत असते.

आणि नुसत्या गोळ्यांवर विसंबू नकोस. फ्लुओक्सेटीन ही डिप्रेशनवरची गोळी बुलिमियात, म्हणजे भसाभस खाऊन मग उलट्या वगैरे काढायच्या आजारात, कामी येते, पण वजन एवढं उतरलेलं असताना तसल्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, आधी पोटात अन्न जायला हवं. तेही एकदम कोंबायचं नाही हं, फार दिवस उपाशी असलेल्याला अचानक भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरतं, हृदयावर येऊ शकतं. त्यामुळे सायकियाट्रिस्टसोबत फिजिशियनही हवा. फॉस्फेट, पोटॅशियम, ईसीजी उद्याच करून घ्या, चक्कर आली तर सरळ अ‍ॅडमिट करा.

भावजींनाही हे वाचायला दे. रिपोर्ट आले की लगेच पाठव, शनिवारी मी येतेच आहे.

तुझी,
वैजू