चाल कुणाची, ते वर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला रॅप संगीतावरचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, पण सॅम्पलिंगचा, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा नव्या गाण्यात वापरण्याचा, विषय मात्र ‘दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे पळवून केलेले ठिगळकाम’ असे म्हणून निकालात काढला आहे. चोऱ्या होतात, कोण नाकारतो? पण सगळ्यांना एकाच कोठडीत कोंबण्याआधी लेखकाने एक तबकडी ऐकायला हवी होती.

ती १९८५ची, न्यूयॉर्कची. डग ई. फ्रेश आणि स्लिक रिक यांची ‘द शो’. रिक तेव्हा एमसी रिकी डी या नावाने गात असे. तिच्या मागच्या बाजूला ‘ला डी डा डी’ हे गाणे होते. मागची बाजू म्हणजे बहुधा भरतीचा माल, पण इथे तीच अधिक टिकली. या गाण्यात एकही वाद्य नाही. डग ओठ, जीभ, गाल आणि घसा यांवर सगळा ताल उभा करतो, मध्येच जिभेने टाळूवर टकटक काढतो, आणि रिक त्यावर गोष्ट सांगतो. डग जन्माने बार्बाडोसचा. रिकचा जन्म लंडनचा, आईवडील जमैकाचे, वाढला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. बोलण्यातला इंग्लंडचा हेल त्याने सोडला नाही, त्यामुळे दोन ओळींत माणूस ओळखू येतो.

गोष्ट म्हणावी तर अगदीच किरकोळ. पठ्ठ्या सकाळी उठतो, अंघोळ करतो, भारी बॅली बूट आणि हिरवे मोजे चढवून बाहेर पडतो. वाटेत सॅली नावाची मुलगी रडत भेटते. तिची समजूत काढतो तोच तिची आई येऊन तिला बदडते, कारण आईचाच याच्यावर जीव जडलेला! आई बोलते तेव्हा रिक आवाज बदलून लाडात येतो, ते ऐकण्यासारखे आहे. शेवटी त्या बाईच्या वयाची जी टवाळी केली आहे ती मात्र आज ऐकवत नाही.

हे गाणे पुढच्यांना इतके वापरावेसे का वाटले? एक कारण साधे आहे. मागे वाद्ये नसल्याने रिकचा शब्द न् शब्द सुटा मिळतो. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये, म्हणजे असे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, सगळा मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावत असे. त्यात आख्खे कडवे कुठले बसणार? एखादी हाक, एखादा उद्गार, अर्धी ओळ, एवढेच. असे सुटे, स्वच्छ तुकडे या गाण्यात पावलोपावली आहेत, आणि गेली चाळीस वर्षे ते शेकडो गाण्यांत फिरत आहेत.

काहींनी तुकडा न उचलता ओळीच नव्याने गायल्या. १९९३ साली रॅपर स्नूप डॉगने आपल्या पहिल्याच अल्बममध्ये ‘लोडी डोडी’ म्हणून सगळी गोष्ट पुन्हा सांगितली, पण ती कॅलिफोर्नियात नेऊन. हिरवे मोजे आणि बॅली बूट गेले, पांढरे मोजे आणि निळे चक टेलर बूट आले. गोष्ट तीच, पण पोशाखावरून माणूस कुठल्या गल्लीतला ते कळावे! १९९७ साली रॅपर नोटोरियस बी.आय.जी. ऊर्फ बिगीच्या ‘हिप्नोटाइझ’चे धृपद आले, ते तर सरळ सॅलीच्या आईच्या तोंडचे. तिने ‘रिकी, रिकी, रिकी’ अशी आळवणी केली होती, इथे ‘बिगी, बिगी, बिगी’ झाले. गाण्याचे नावही तिच्याच वाक्यातले. मार्चमध्ये बिगीचा खून झाला आणि त्यानंतर हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. पुढे २०१३ साली पॉप गायिका मायली सायरसच्या ‘वी कान्ट स्टॉप’मध्ये ‘ला डी डा डी’ पुन्हा उमटले. तिथे गीतकारांच्या यादीत डग आणि रिक या दोघांचीही नावे आहेत. याला चोरी कशी म्हणणार?

आता ‘ला डी डा डी’ची दुसरी बाजू. सॅली रडत रडत ज्या ओळी गाते त्या रिकच्या नाहीत. ‘सुकियाकी’ या गाण्याच्या आहेत. मूळ गाणे जपानी, १९६१चे, संगीत हाचिदाई नाकामुरा यांचे. क्यू साकामोतो यांच्या आवाजात ते १९६३ साली अमेरिकेत अव्वल ठरले. ‘अ टेस्ट ऑफ हनी’ या अमेरिकन गटाने पुढे त्याला इंग्रजी शब्द घातले आणि रिकने ते उचलले. परवानगी नव्हती. म्हणून नंतरच्या आवृत्त्यांतून तेवढा भाग कापला गेला. आज बहुतेकांच्या कानी पडते ते हे कापलेले गाणे. सॅली तोंड उघडते न उघडते तोच गोष्ट पुढे सरकते.

कोर्टाची दहशत १९९१ साली बसली. रॅपर बिझ मार्कीने गायक गिल्बर्ट ओ’सलिव्हनचे गाणे परवानगी न मिळताच वापरले होते. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेने केली. त्यानंतर कंपन्या आधी परवानगी घेऊ लागल्या. तरी २००२ साली ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या ‘अॅडिक्टिव्ह’मध्ये आपल्या लतादीदींचा आवाज सरसकट वाजला. ‘ज्योती’ चित्रपटातले ‘थोडा रेशम लगता है’, संगीत बप्पी लाहिरींचे. त्यांचे नाव कुठेच नव्हते. प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेले आणि नाव घातल्याशिवाय अल्बम विकायचा नाही, असा आदेश निघाला. गाणे मला आवडते, पण आदेशही पटतो.

उसन्या चालीची आपल्याकडे कधी कुणाला लाज वाटली नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’पासून (१८८२) संगीत नाटकांची जुनी पुस्तके काढून बघा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ लिहून ती कोणत्या गाण्याची, हे छापलेले असे. लावणी असो, कीर्तनातले पद असो की कानडी गाणे, ऋण त्याच पानावर नोंदलेले असायचे.

पुरवणीत दर आठवड्याला नव्या गाण्यांची ओळख येते. त्यात गायक, संगीतकार आणि कंपनी यांची नावे असतात. तिथेच मूळ गाणे कोणते आणि कुणाचे, एवढी एक ओळ वाढवावी, ही विनंती. मराठी रॅपचीही आता बरीच गाणी येत आहेत, सुरुवात त्यांच्यापासून केली तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)