आडनाव ऐकून घर नाकारणाऱ्या सोसायट्यांविषयी सहकार मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय सहकार मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

पुण्यात भाड्यानं घर शोधणाऱ्या मुसलमान कुटुंबाला एजंटकडून हमखास ऐकावं लागतं, "मालकांची हरकत नाही हो, सोसायटीला चालत नाही." पाठोपाठ मुसलमानबहुल भागाचा सल्ला येतो, "कोंढव्यात बघा ना." फ्लॅट पसंत असतो, डिपॉझिट ठरलेलं असतं. आडनाव कळलं की सगळं फिसकटतं.

ही सोसायटी तुमच्या खात्याकडे नोंदलेली सहकारी संस्था असते. म्हणून हे पत्र गृहमंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. दंगल झाली की बंदोबस्त लागतो, शांततेची आवाहनं होतात. दंगल नसताना शहर जिन्याजिन्यांवर धर्मानुसार वाटलं जातंय, त्याची नोंदसुद्धा होत नाही.

आमच्या शेजारच्या विंगमधल्या काकूंनी त्यांचा फ्लॅट एका शिक्षिकेला आणि तिच्या नवऱ्याला द्यायचं कबूल केलं होतं. नावं समजल्यावर कमिटीतल्या दोघांनी आधी पार्किंगचं कारण काढलं, मग मटणाच्या वासाचं, शेवटी "उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?" लेखी मात्र एक ओळ दिली नाही. काकू एकट्या राहतात, छताच्या गळतीचं काम कमिटीच्याच हातात. त्यांनी टोकन परत केलं. त्या शिक्षिकेनं कुणाचं काय बिघडवलं होतं? मला याचा अजून संताप येतो.

आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थांच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार, भाडेकरू ठेवताना सभासदानं संस्थेला आगाऊ कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. १९६०चा सहकार कायदा सांगतो, की पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही. पण धर्म हे 'पुरेसं कारण' नाही, असं स्पष्ट शब्दांत कुठे लिहिलंय? अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली तिचा 'फक्त पारशी सभासद' हा उपविधी ग्राह्य धरला. मात्र त्याच निकालाचा अर्थ असाही आहे, की असं बंधन नको असेल तर सहकार कायद्यातच तशी दुरुस्ती व्हायला हवी. ती महाराष्ट्रात विधिमंडळानं करायची आहे. सहकाराचं जगभर मान्य असलेलं पहिलंच तत्त्व धार्मिक भेदभावाविना खुलं सभासदत्व हे आहे. सहकारात आपला महाराष्ट्र पुढे, असं आपण अभिमानानं सांगतो; मग या तत्त्वाला कायद्यात जागा का नसावी?

याच पुण्यात १८४९ साली शिकवण्याच्या कामापायी जोतीराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्याकडे राहायला जागा दिली. ते दार तेव्हा बंद असतं तर मुलींच्या शिक्षणाचं काय झालं असतं, याचा विचार फुलेवाड्यात हार घालायला येणाऱ्या प्रत्येक मंत्र्यानं करावा. आज उस्मान शेखांच्या वारसांना कोथरूडमध्ये, बाणेरमध्ये घर मिळेल का? शंका आहे. त्यांच्या घरची मुलं आणि आमच्या घरची मुलं एका लिफ्टमधून कधी खाली उतरणारच नसतील, तर ती एकमेकांना ओळखणार ती व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डमधूनच. पुढच्या द्वेषाची तयारी आपण अशी सोसायट्यांच्या मीटिंगांमधून करतो आहोत.

हे एकाच धर्मापुरतं नाही. जात विचारली जाते, ताटात काय असतं ते विचारलं जातं, ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांना तोंड बघून नाही म्हटलं जातं. एखादी इमारत फक्त मुसलमानांसाठी किंवा फक्त जैनांसाठी असेल, तर तिलाही हाच नियम लागू व्हावा.

सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली जनहितासाठी संस्थांना निर्देश देण्याचा अधिकार सरकारला आहे. पुनर्विकासासाठी २००९ आणि २०१९ साली तो वापरलाही गेला. त्याच कलमाखाली निर्देश काढा: धर्म, जात किंवा आहार पाहून कोणत्याही संस्थेनं सभासद वा भाडेकरू नाकारू नये, हरकत घ्यायचीच तर कारण लेखी द्यावं, आणि तक्रारीचा निकाल सहकार खात्याच्या उपनिबंधकांनी ठरावीक मुदतीत द्यावा. तोंडी दबाव आणणाऱ्या पदाधिकाऱ्यावरही कारवाईची तरतूद हवी, कारण हे सगळं तोंडीच चालतं. कायद्यातल्या दुरुस्तीला अधिवेशनाची वाट पाहावी लागेल. निर्देश आपण त्याआधी काढू शकता. ते कधी काढणार, हे कृपया जाहीरपणे सांगावं.

आपली,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सभासद
कोथरूड, पुणे