प्रा. माधव मेनन सरांना अनावृत आभारपत्र

आदरणीय प्रा. एन. आर. माधव मेनन सर यांस,
सादर प्रणाम.

आपली माझी भेट कधी झाली नाही, आणि 8 मे 2019 रोजी आपण गेल्यावर ती होण्याची शक्यताही उरली नाही. तरीही आपले आभार मानायचे राहून गेले ही बोच मनात आहे, म्हणून हे पत्र.

मी कायद्याचा अध्यापक आहे. काही वर्षांपूर्वी विद्यापीठाने मला अधिष्ठातापद देऊ केले तेव्हा मी नकार द्यायचे जवळजवळ ठरवले होते, कारण प्रशासनात गेलेल्या प्राध्यापकाचे वाचन कसे सुटते आणि वर्गाशी त्याचे नाते सही-शिक्क्यापुरते कसे उरते, हे मी जवळून पाहिले होते. त्याच दिवसांत कायद्याचे शिक्षक आणि कुलगुरू म्हणून आपल्या कारकिर्दीबद्दल सविस्तर वाचायला मिळाले आणि मी होकार कळवला.

अलीगढमध्ये मिळवलेली कायद्यातील पीएच.डी. आणि दिल्ली विद्यापीठातील अध्यापन एवढ्यावर एखादा प्राध्यापक समाधानाने निवृत्त झाला असता. आपण मात्र विद्यार्थ्यांना कायदेविषयक साहाय्याच्या कामाला जोडले आणि पुढे बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची जबाबदारी स्वीकारली. त्या काळी कायदा म्हणजे पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि पुष्कळांच्या लेखी तो दुसरे काही जमले नाही तर करायचा असे. (हे विधान काही ज्येष्ठ वकिलांना रुचणार नाही, याची कल्पना आहे.) 1988 मध्ये तेथे पहिली तुकडी दाखल झाली, ती बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी. त्यात कायद्याबरोबर सामाजिक शास्त्रेही होती. अभ्यासक्रमाची अशी मांडणी करायला जो अधिकार लागतो तो कुलगुरूचा असतो, पण ती सुचायला शिक्षकाचीच नजर लागते. आपल्याकडे दोन्ही होते, आणि खुर्चीवर बसूनही शिक्षक राहता येते हे मला तेथे दिसले.

सुमारे बारा वर्षांनंतर आपण ती संस्था दुसऱ्यांच्या हाती सोपवली, हे मला अधिक मोलाचे वाटते. पुढे कोलकात्यात नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ ज्युरिडिकल सायन्सेसचे संस्थापक कुलगुरू म्हणून सर्व काही शून्यापासून उभारले, आणि 2003 मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, भोपाळच्या राष्ट्रीय न्यायिक अकादमीचा कारभार हाती घेतला. तेथे न्यायाधीशच आपले विद्यार्थी होते.

बेंगळुरूच्या संस्थेने घालून दिलेल्या या नमुन्याविषयी माझे आक्षेपही आहेत. तिच्या धर्तीवर निघालेल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे शुल्क सामान्य घरांना झेपत नाही, आणि तेथील अनेक पदवीधर जिल्हा न्यायालयाऐवजी बड्या कंपन्यांच्या कामाकडे वळतात. परंतु 2014 च्या अधिनियमान्वये महाराष्ट्रात स्थापन झालेल्या विधी विद्यापीठांपर्यंत जी वाट आली ती आपण आखलेली होती, हे आक्षेप घेणाऱ्यानेही मान्य करावे.

अधिष्ठाता झाल्यावर मी दोन गोष्टी केल्या. प्रथम वर्षाचा संविधानाचा तास स्वतःकडेच ठेवला, आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना विधी साहाय्य केंद्रात प्रत्यक्ष पक्षकारांसमोर बसवले. त्यातल्या एका विद्यार्थिनीने पोटगीचा पहिला अर्ज स्वतः लिहून माझ्यासमोर ठेवला, तेव्हा आपली आठवण झाली. माझी मुदत आता संपत आली आहे. पदभाराची फाईल तयार आहे, आणि ती सोपवताना मला जड जाणार नाही. हेही आपल्याकडूनच शिकलो, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला ऋणी,
कायद्याचा एक अध्यापक