ज्येष्ठांच्या ओपीडीच्या निधीला कात्री लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर 2024मध्ये सुरू झाले. ते हवेच होते. मात्र ज्येष्ठांसाठीच्या इतर निधीचा विषय काढला की 'आता कार्ड आहे ना' हे उत्तर ऐकू येते, आणि त्याला आमचा ठाम विरोध आहे. हे कार्ड चालते ते माणूस भरती झाल्यावर. बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या, गुडघ्याचा व्यायाम, तोल जातोय म्हणून करायची तपासणी, कमी ऐकू येणे, विसरभोळेपणा यांतले काहीच त्यात बसत नाही. भरती टाळणारे काम नेमके हेच आहे.

या कामासाठी 2010-11पासून राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम आहे. त्याची आखणी चांगली आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांची ओपीडी, त्यावरच्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर आठवड्यातून दोनदा ओपीडी आणि व्यायामोपचार, सिव्हिलमध्ये रोजची ओपीडी, 10 खाटांचा वॉर्ड आणि फिजिओथेरपिस्ट. अंथरुणाला खिळलेल्यांकडे उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी घरी जायचे. खर्च केंद्राचा 60 टक्के, राज्याचा 40 टक्के.

हा निधी आटतो तेव्हा कुठेही 'ज्येष्ठांची ओपीडी बंद' अशी पाटी लागत नाही. कंत्राटी फिजिओथेरपिस्टची मुदत संपते आणि नवा आदेश येत नाही. हप्ता फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतो, तेवढ्या दिवसांत खरेदी होत नाही, पैसे पडून राहतात आणि पुढच्या वर्षी 'गेल्या वर्षीचा खर्चच झाला नाही' म्हणून तरतूद कमी होते. ज्येष्ठांचा ठरलेला वार नेहमीच्या ओपीडीत मिसळून जातो. कागदावर कार्यक्रम चालूच असतो.

नेहमीच्या गर्दीत काय हुकते ते पाहा. म्हाताऱ्या माणसाचे बीपी बसवून एकदा घेणे पुरत नाही. पाच मिनिटे आडवे झोपवून एकदा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्यावे लागते. उभे राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला, तर ती व्यक्ती पहाटे लघवीला उठताना घेरी येऊन पडण्याचा धोका असतो. अशा वेळी गोळीचा डोस किंवा वेळ बदलावी लागते. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात. शंभर केसपेपरच्या रांगेत ती कुणाकडे नसतात, म्हणून वेगळा वार ठेवला होता.

गोळ्यांचेही तसेच. 2017च्या सुमारास सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्याचा एक साधा नियम होता: बीपीच्या गोळ्या एका वेळी 30 दिवसांच्या द्यायच्या. साठा अपुरा पडला की 30च्या जागी 7 गोळ्या हातावर पडतात. म्हणजे महिन्याला एकाऐवजी चार खेपा. एसटीत पंच्याहत्तरीपुढे प्रवास मोफत आहे, पण वाडीपासून थांब्यापर्यंत चालायचे पाय स्वतःचेच, आणि सोबत येणाऱ्या सुनेची किंवा मुलाची रोजी बुडते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खेप चुकते, गोळी सुटते, काही दिवसांत बीपी पुन्हा चढते. अर्धांगाचा झटका आला की मग पाच लाखांचे कार्ड बाहेर काढायचे.

खुब्याचे हाड मोडल्यावरचे गणितही हेच सांगते. शस्त्रक्रिया कार्डावर होते. घरी सोडल्यानंतरच्या औषधोपचाराचा खर्च कार्डाच्या पॅकेजमध्ये 15 दिवसांपर्यंतच आहे, आणि पुन्हा नीट चालता यायला निदान तीन महिने रोज व्यायाम लागतो. हा व्यायाम ग्रामीण रुग्णालयात मिळाला नाही, तर चांगली बसवलेली सळईसुद्धा माणसाला खाटेवरून उठवत नाही. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो.

साहित्याबद्दलही सांगायला हवे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांपुढच्यांना साहित्यासाठी 3,000 रुपये एकदा खात्यात मिळतात. त्यातून काठी येते, पण ती मापून देणारे कुणी नसते. चप्पल घालून सरळ उभे राहिल्यावर हात सैल सोडला की मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ यायला हवी. उंच काठीने खांदा वर चढतो, बुटकीने माणूस पुढे वाकतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हे तर बहुतेकांना कुणी सांगितलेलेच नसते. तळाचे रबर झिजून आतली नळी फरशीला टेकू लागली की ओल्या न्हाणीत तीच काठी घात करते. ते रबर बदलायला किरकोळ खर्च येतो. पण ते पाहणारा माणूस पगारावर हवा.

न सांगता होणारी कपात आणखी एक आहे. वृद्धापकाळ निवृत्तीवेतनातला केंद्राचा वाटा 2006पासून 200 रुपयेच आहे, ऐंशीपुढच्यांना 2011पासून 500. राज्य आपली भर घालून रक्कम 1,500पर्यंत नेते, पण केंद्राचा आकडा इतकी वर्षे जागचा न हलणे ही कपातच आहे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. कार्यक्रमाचा वर्षाचा निधी पहिल्या तिमाहीतच जिल्ह्याला द्यावा. फिजिओथेरपिस्टचा नवा आदेश जुनी मुदत संपण्यापूर्वी काढावा. बीपी-शुगरच्या गोळ्यांचा साठा तीन महिन्यांच्या खाली गेला की मागणी लगेच जावी. आणि उशिरा आल्यामुळे न खर्चलेला पैसा पुढच्या तरतुदीतून वजा करू नये.

वाचकांनीही आपल्या केंद्रात ज्येष्ठांचा वार कोणता ते विचारावे. सांगता आले नाही, तर जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात स्वतंत्र अर्ज करावेत. विचारायच्या गोष्टी चारच: या कार्यक्रमासाठी मंजूर किती झाले, कोणत्या महिन्यात किती आले, खर्च किती झाला, आणि मंजूर पदांपैकी आज भरलेली किती. उत्तराची मुदत 30 दिवस आहे. अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी ते हातात हवे असेल, तर अर्ज डिसेंबरमध्येच टाकावा, म्हणजे आमदारांना प्रश्न मांडायला वेळ मिळेल.

आपले,
ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेत काम करणारे काही वाचक